नसलेला झरा

लाडक्या आईस, तुझ्या तोंडाळ लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या आदिवासी बोलीतलं आपल्या जमिनीच्या हक्कावरचं माझं रॅप इथे स्टुडिओत रेकॉर्ड होतंय. निर्माते फार गोड बोलतात, जरा जास्तच. पाणी भरताना तू म्हणतेस ते झऱ्यांच्या नावांचं गाणं त्यांना रॅपच्या मध्ये हवंच होतं. चाल कशी आहे, हे कुणी विचारलं नाही. कुठला झरा कुठल्या टेकडीमागे, हे मात्र तीनदा विचारलं. काल त्यांच्या टेबलावर आपल्या टेकड्यांवर डोळा ठेवून असलेल्या त्या खाणवाल्या कंपनीचं पाकीट दिसलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाणं मी म्हटलं. पण आपले सगळे झरे गाळले आणि मनानेच एक घातला: जुन्या वडामागचा चांदणझरा. आजी असती तर तिने माझा कान पिळला असता.

दादाला सांग, कुणी गोड बोलत चांदणझऱ्याची वाट विचारायला आलं, तर त्याला पाणी द्या, बसवून ठेवा आणि मला लगेच फोन करा. पुढचं गाणं त्याच्यावर.

जिला तू सारखी 'गप्प बस' म्हणायचीस,
ती तुझीच