चुनेवाल्याच्या मुलीची अट

नळदुर्ग, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज शाळेत शिकवत असतानाच पुण्याहून प्रकाशकबाईंचा फोन आला. चार ठिकाणांहून परत आलेली माझी कादंबरी त्यांना आवडलीय. फक्त नायिका नवाबाची मुलगी करा म्हणाल्या, किल्ल्यातल्या प्रेमकथेत वाचकाला महाल लागतो. विचार करून कळवते म्हटलं, पण दुपारभर जीव थाऱ्यावर नव्हता. बदलू का? नाही म्हटलं तर हेही दार बंद.

शाळा सुटल्यावर तशीच करीमचाचांकडं गेले. चाचा उर्दूचे निवृत्त मास्तर. त्यांच्या घराण्यातला जुना निकाहनामा तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मला वाचून दाखवला होता. किल्ल्याला चुना पुरवणाऱ्याच्या मुलीनं त्यात अट घातलेली: नवऱ्यानं मला लिहायला-वाचायला शिकवावं. त्या एका अटीवरून मी आख्खी कादंबरी लिहिली.

बाईंची सूचना ऐकून चाचा हसले. "बेटी, नवाबाच्या पोरीला शिकवायला घरी उस्ताद येतो. ती कशाला असली अट घालंल?"

तीन वर्षं ती अट डोक्यात घेऊन फिरतेय, आणि एवढं साधं मला सुचू नये?

तिथूनच फोन लावला. बाईंना चाचांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, संपलं.

"मग तिला आहे तशीच राहू द्या," बाई म्हणाल्या. "करार पाठवते."

फोन ठेवून चाचांना सांगितलं. त्यांनी लगेच आत चाचींना हाक मारली, "अगं, चहा टाक. आपल्या दादीअम्मांवर पुस्तक येतंय!"