लिंबावरच्या पाच अळ्या

अहो,

“आजी, अळ्यांनी सगळी पानं खाल्ली तरी खाऊ दे हं, त्यांचीच फुलपाखरं होतात,” असं नात बजावून गेली आणि मी तिला शब्द दिला.

आज तुम्ही पंप घेऊन विचारलंत, “लिंबावर फवारू का?” पूजा होईपर्यंत माझं मौन असतं, हे चाळीस वर्षं माहीत असून माझ्या गप्प बसण्याला तुम्ही होकार समजलात! मी हात हलवत होते, ते काय माश्या हाकलायला? पाचही अळ्या मेल्या. रविवारी ती आली की हे तुम्हीच सांगा.

रोपवाटिकेतल्या बाईंकडे अळ्या असलेलं लिंबाचं रोप आहे. ते आणून त्या अळ्या तरी जगवीन. पंप तेवढा घराबाहेर काढा. पूजा आज आल्यावर करीन. मौन सुटलेलं नाही, म्हणून बाईंसाठीही चिठ्ठी लिहून घेतली आहे. निघते.