गोळी बंद केली तेव्हा

प्रिय ताईस, तुझ्या भटक्याचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. काम करतो त्या हॉटेलच्या धुलाईखान्याला खिडकी नाही, पण चादरी मस्त गरम असतात. छोटीला दात आले का?

बरं वाटायला लागलं म्हणून उदासीवरची गोळी मीच बंद केली. मग चक्कर, डोक्यात झटके. इस्त्रीवर पडता पडता वाचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राजे, ही काय डोकेदुखीची गोळी आहे? रोज घ्यायची. सोडायची तेव्हा मला विचारून, हळूहळू."

म्हणजे गोळी सुटेपर्यंत याच बाईंना दाखवत राहायचं, इथून हलायचं नाही. भिंती अंगावर येतात गं. पुढच्या गावाचं तिकीट काढलेलं, ते परत केलं.

आईला एवढंच सांग, मजेत आहे. आणि तुला जमेल तेव्हा, एक दिवस तरी, तूच इकडे येशील का?

तुझा,
कधी नव्हे तो जागेवर सापडेल असा भाऊ