जालन्याच्या माणसाची साक्ष

आई, तू असतीस तर आधी विचारलं असतंस, जेवलीस का, आणि मग विचारलं असतंस, मंडळी किती जमते. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं टाळण्यासाठी हे सगळं लिहिते आहे असं समज.

तू बायबलबाई. डफ घेऊन, शुभवर्तमान सांगत नेवाशाकडच्या खेड्यांतून पायी हिंडायचीस, आणि मला मात्र शास्त्रीबुवांकडे संस्कृत शिकायला धाडलंस. "देवाला मराठी पुरते, पंडितांशी भांडायला संस्कृत लागतं," म्हणालीस. भांडायला पंडित काही मिळाला नाही. आता मी कतारमध्ये, इंग्रजी शाळेत, पुण्या-नाशकाकडच्या हिंदू घरांतल्या मुलांकडून 'देव' शब्द चालवून घेते. ती "येस मॅम" म्हणतात आणि षष्ठीपाशी गळपटतात.

पण नगरच्या चर्चच्या मंडळीनं डोक्यावर हात ठेवून मला पाठवलं ते शाळेसाठी नव्हे. इथे कुणाला आपला धर्म सांगायची मुभा नाही, आणि आम्ही सांगतही नाही. आमचं काम आपल्याच विखुरलेल्या माणसांत: बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहणारे ड्रायव्हर, वेल्डर, परांची बांधणारे, बायकामुलं गावी ठेवून आलेले मराठी ख्रिस्ती. त्यांना आठवड्यातून एकदा आपल्या भाषेत प्रार्थना मिळावी, एवढंच. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारी येतो, त्याचीही सवय झाली. आधी चर्चच्या आवारात एक खोली होती. मोठ्या मंडळ्या आल्या, आमची वेळ गेली. मग मुऐदर भागात एका कुटुंबाच्या व्हिलात जमायचो. त्यांची नोकरी सुटली, ते भारतात परतले. आता आमच्याच दिवाणखान्यात. दर वेळी मी म्हणायचे, यात प्रभूची काही योजना असेल. योजना दर वेळी आधीपेक्षा लहान खोलीची निघाली. माणसंही गळत गेली. कुणी दुसऱ्या देशात, कुणी मायदेशी, कुणी जिथे हात ठेवताच दुखणी पळतात म्हणे अशा मंडळीत.

आमच्यात एक जालन्याकडचा माणूस आहे, परांची बांधतो. प्रेमळ वगैरे मुळीच नाही. माझा चहा पाणचट असतो असं तोंडावर सांगतो. त्याची बायको गावी आजारी पडली तेव्हा त्याने मंडळीपुढे प्रार्थनेची मागणी ठेवली, आणि आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी उपास धरले. मी पुढे होते. ती उठून बसली, पेज प्यायली, असा फोन आला तेव्हा आम्ही गाणी म्हटली. नंतर ती गेली. तो गावी जाऊन परत आला आणि शुक्रवारी नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसला.

तोच शुक्रवार आम्ही शेवटचा ठरवला होता. ह्यांनी आदल्या संध्याकाळी सरळ सांगितलं, "खलास कर आता. देवानं तुला शाळा दिली आहे, ती सांभाळ." मी हो म्हटलं. चहा झाला की सांगून टाकायचं, पुढच्या आठवड्यापासून येऊ नका.

साक्षीची वेळ आली आणि तो उठला. आपल्याकडे साक्षीला एक चाल असते, तुला काय सांगायचं: संकट आलं, गुडघे टेकले, प्रभूनं मार्ग काढला. मग सगळे एका सुरात "प्रभूची स्तुती असो" म्हणतात.

"तुमी समद्यांनी उपास धरला," तो म्हणाला. "म्या बी धरला. उन्हात, परांचीवर. ती गेली. रजा भेटली ती माती झाल्यावर. तिच्या बहिणीनं फोनवर तोंड दावलं, तेवढंच पाहिलं." आम्ही पुढच्या वाक्यासाठी थांबलो. तोही जरा थांबला, जणू ते कुणी त्याच्या हातात देणार होतं. "पुढं काय न्हाई. एवढीच हाय साक्ष." आणि बसला.

नाशिककडचा ड्रायव्हर, एरवी प्रार्थनेतही कोपरखळ्या मारणारा, माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बाई, 'स्तुती असो' म्हणायचं का नाही?"

आणि तुझं ते गाव आठवलं, आई. सगळ्या गावात एकच घर तुला बसायला चटई टाकायचं. त्यांच्या लेकीला ताप आला, तू जाऊन प्रार्थना केलीस, देव ऐकतो म्हणालीस. मुलगी गेली. तू दिलेलं शुभवर्तमानाचं पुस्तक बापानं उंबऱ्याबाहेर ठेवलं. घरी येऊन तू भाकरी थापत होतीस. मी विचारलं, "देवानं ऐकलं नाही का?" तू म्हणालीस, "ऐकलं असेल. तव्याकडे बघ, करपते आहे." पुढच्या मंगळवारी तू डफ खुंटीवरच ठेवलास आणि त्याच घरी निघालीस. मी बरोबर आहे. मला तहान लागली आहे आणि त्या घरी पाणी मागायची लाज वाटते आहे. तू उंबऱ्याबाहेर बसतेस, सूप ओढून त्या मुलीच्या आईबरोबर ज्वारी निवडतेस. एक शब्द नाही, एक वचन नाही. ऊन कलल्यावर उठतेस. त्या गावाची साक्ष तू मंडळीत कधीच दिली नाहीस.

"नको," मी ड्रायव्हरला म्हटलं. "बसू या नुसतं."

बसलो. दोघं-तिघं रडले. तो रडला नाही. मग त्याचाच आवाज आला, "च्या तरी देता का बाई? पाणचट आसंल तरी चालंल." चहा पिऊन उठताना चप्पल घालता घालता म्हणाला, "पुढल्या शुक्रवारी कुठं हाय?" आमची जागा सारखी बदलते, म्हणून विचारलं असेल. हे दारात उभे. मी म्हटलं, "इथंच."

ते सगळे गेल्यावर हे म्हणाले, "आपलं ठरलं होतं." मी म्हटलं, "हो." दोघांनी मिळून खुर्च्या उचलल्या.

माझ्या लेकीला हे वाचायला द्यावं असं मनात आलं होतं. ती म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल मी." सांगता येण्यासारखं असतं तर लिहिलं कशाला असतं?

नगरला फोनवर मी सांगितलं, प्रभूवर विश्वास ठेवून काम चालू ठेवलं आहे. ते खोटं नाही. पण "इथंच" म्हणाले तेव्हा विश्वास मनात नव्हता. चप्पल घालणाऱ्या त्या माणसाला नाही म्हणवलं नाही, इतकंच. आणि तुला म्हणून सांगते, त्या दिवसापासून मी प्रार्थनेत कुणासाठी काही मागत नाही. नावं घेते. त्याचं घेते, त्याच्या बायकोचंही घेते, मग थांबते, आणि कुणी आमेन म्हणेपर्यंत डोळे उघडत नाही.