सत्तेचाळीसची बाटली

ला मोर्रा, ९ नोव्हेंबर १९७९

ती. देल्फिनाताईस सेवेरीनोचा सा. न. वि. वि.

तळघराच्या किल्लीवरून आपल्यात जे झाले ते झाले. जेनोव्हाचे व्यापारी पारोदी १७ तारखेला, शनिवारी रात्री जेवायला येत आहेत. परदेशी वाइन पाठवण्यासाठी त्यांना या टेकड्यांवरचे वाइन करणारे एकच घराणे निवडायचे आहे. त्यांच्यासाठी बाबांच्या १९४७च्या बारोलो वाइनची बाटली उघडतो आहे. जुन्या वाइनचे शास्त्र बाबांनी तुला शिकवले, मला पिंपे धुवायला लावले. कशी वाढावी ते कळव. रुसवा सोडावास, ही विनंती.

तुझा, सेवेरीनो

आल्बा, १२ नोव्हेंबर

चि. सेवेरीनोस अनेक आशीर्वाद.

ताई आठवली, म्हणजे अडचण मोठीच दिसते. नीट वाच. गुरुवारीच बाटली उभी कर, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ती तळघरातच राहू दे, चुलीजवळ नको. नवी बारोलो आपण सकाळीच उघडतो, कारण तिच्या तुरटपणाला हवा हवी असते. जुनीत दम थोडाच उरलेला असतो. तो पाहुण्याच्या पेल्यातच सुटायला हवा. म्हणून पारोदी पानावर बसल्यावर बूच काढ, हलक्या हाताने ओत आणि गाळ दिसताच थांब. आधी बंद कपाटासारखा वास येईल. धीर धर. मग सुकलेला गुलाब येतो, मागून डांबर आणि ओला पाचोळा. रंग कडेला विटकरी, आणि तुरटपणा इतका मऊ की घोट गिळल्यावरही चव रेंगाळते. असे सुख आयुष्यात फार वेळा मिळत नाही, बाळा.

मुलांना पापे.

देल्फिना

ला मोर्रा, १९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तू पिंपात दक्षिणेकडची स्वस्त वाइन मिसळतेस, असा खोटा आळ घालून मी किल्ली मिळवली. ते तू विसरणार नाहीस, म्हणून पत्रात डाव असणार, असे मी धरले आणि सगळे उलट केले. सकाळीच बूच काढले, रुंद भांड्यात ओतली, चुलीशी ठेवली. रात्री भांड्यात निव्वळ शिळ्या चहासारखे पाणी उरले. पारोदींनी एक घोट घेऊन पेल्यावर हात ठेवला, हवामानावर बोलले आणि उठले. खरे सांग, तू लिहिलेस ते बरोबर होते का?

सेवेरीनो

आल्बा, २२ नोव्हेंबर

चि. सेवेरीनोस आशीर्वाद.

अक्षर न् अक्षर बरोबर होते. खोटे लिहिले असते तर गावभर दाखवायला तुला माझे पत्र मिळाले असते. खोटे बोलून किल्ली घेणाऱ्याला दुसऱ्याचे खरे पचत नाही, एवढ्यावर मी विसंबले.

पारोदी उतरले होते त्या हॉटेलात मी निरोप ठेवला होता. रविवारी ते माझ्याकडे जेवले. बाबांनी माझ्या लग्नात दिलेली सत्तेचाळीसची बाटली मी त्यांच्यासमोर उघडली. दुसऱ्या घोटाला त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी माझ्या सासरच्या लहान मळ्याची चौकशी केली. करारावर सह्याही झाल्या. निघताना त्यांनी तुझ्याविषयी विचारले. मी म्हटले, पोर मनाने वाईट नाही, पण वाइन त्याच्या हाती देऊ नये.

प्रकृतीस जप. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई, देल्फिना