डावीकडची रिकामी जागा

ती. आईस,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, खोकलाही गेला. दादा फोन करतो ना?

आज फोटोग्राफीच्या वर्गात मी काढलेला कृष्णधवल फोटो लावला होता. दिवाणाच्या टोकाला बसून तू शेंगा सोलतेस, तो. सर म्हणाले, "उजेड छान पकडलायस. पण डावीकडे निम्मी चौकट रिकामीच आहे. तेवढी कापून टाक."

मी म्हटलं, "सर, तिथे बाबा बसायचे."

सर फोटोच्या जवळ गेले. मग हळूच म्हणाले, "मग आई चौकटीत अजून कडेला हवी होती. ती रिकामी जागा अजून जाणवली असती."

त्यांचं बरोबर होतं गं, पण मला रडू आवरेना.

तू अजून टोकालाच बसतेस का? आता जरा मध्ये सरकून बसत जा.

तुझीच,
धाकटी