सुपारी फुटण्याआधी

आई,

तुला लिहायला फार उशीर केला, राग धरू नकोस. तू होतीस तेव्हा लिहायची गरज पडली नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. मलाही सातवीपुरतंच येतं. पण आज घरात मन मोकळं करावं असं कुणी उरलं नाही. कुरुंदवाडचे पाहुणे निघालेत, असा मघाशी फोन आला. माझ्या नातीची सुपारी फोडायला येतायत. एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग कुणालाच माघार नाही, हे तुला सांगायला नको. आणि तिच्या डोक्यावरच्या कर्जाचं अजून त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

नात इंजिनिअर झाली, आई. आपल्या घरातली पहिलीच. फीसाठी बँकेचं कर्ज काढलं, त्याला हे घर तारण दिलं, सही माझी. कॉलेजवाले म्हणाले होते, शेवटच्या वर्षाला कंपन्या येतात, नोकरी हातात देऊन जातात. आल्या एक-दोन, चहा पिऊन गेल्या. आता ती पुण्यात नोकरी करते. खोलीभाडं, मेस, बस भागवून जे उरतं त्यात अर्धा हप्ताही निघत नाही. राहिलेला माझा पोरगा आणि मी घालतो. मी शिरोलीच्या फौंड्रीत ओतकामाचे साचे भरण्यात जन्म काढला. तिथला माझा जोडीदार परवा कट्ट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, पोरगी इंजिनिअर केलीस आणि पगार साचं भरणाऱ्याचा? आमच्याकडंच लावायची की!" सगळे हसले. मीही हसलो. हप्ता चुकला की बँकेचा माणूस मलाच फोन करतो. आता कुणाचाही फोन वाजला तरी आधी नंबर बघतो, मगच उचलतो.

पोरगा म्हणतो, "आबा, आधी सुपारी फुटू दे. मग बघू काय सांगायचं ते." नात सकाळपासून दोनदा माझ्यापाशी येऊन गेली. "आज्जा, तुम्ही सांगा. मोठ्या माणसाचं ऐकतील. न्हायतर मीच सांगणार हाय." लग्नानंतरही हप्ता तिच्याच पगारातून जाणार, हे त्यांना आधी कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

"आणि मोडलं म्हंजे?" मी विचारलं.

"मोडलं तर मोडलं. कर्ज काय लपवून फिटतंय व्हय?"

तिचा तो आवाज ऐकला आणि मला तू दिसलीस. अक्काची सुपारी आहे. सोप्यात पाहुणे बसलेत, मधे तबक, मी दाराला टेकून उभा. तू चुलीपुढून उठतेस आणि पदराला हात पुसत थेट सोप्यात येतेस. पुरुषांच्या बैठकीत तेव्हा बायका येत नसत. "पावणं, पोरीला उजव्या कानानं ऐकू येत न्हाय. मग काय फोडायची ती फोडा." आप्पांनी मान खाली घातली. पाहुण्यांनी टोप्या उचलल्या आणि गेले. मी तुझ्यावर ओरडलो, लाज घालवलीस म्हणालो. तू शांतपणे तबक उचललंस. "आत्ता नुसती उठून गेलीत. फुटल्यावर कळलं असतं तर जल्मभर पोरीच्या उरावर बसली असती." पुढं अक्का बरीच वर्षं घरात राहिली, लोक नाही नाही ते बोलले. मग सांगलीकडचं स्थळ आलं. त्यांनाही तू तसंच सांगितलंस. अक्का तिथं सुखानं नांदली. पण मधल्या त्या वर्षांत तुझं काळीज एकदाही हललं नाही का, हे विचारायचं राहूनच गेलं.

सांगावं असं मलाही वाटतं. नातीला वाटतंय, आज्जा आपल्या बाजूचा. पण तुला खरं सांगतो. तिच्या पगारातून हप्ता जाऊ देऊ असं पाहुण्यांनी चार माणसांत कबूल केलं तर माझं घर वाचतं. उद्या सासरी तिचा पगार अडवला, तर बँक माझ्या दारात उभी राहील. तू बोललीस त्यात तुझा काही फायदा नव्हता. मी बोललो तर ते पोरीसाठी की घरासाठी, हे माझं मलाच कळत नाही. तिचं स्थळ मोडण्यापेक्षा मला घर जाण्याची भीती जास्त वाटते. हे तिला कसं सांगू?

गाडी थांबल्याचा आवाज आला. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा, ठाऊक नाही. सदऱ्याच्या खिशातच ठेवतो. काय करू ते लवकर कळव, आई. पाहुणे दारात पायताणं काढायला लागलेत.